सागरी क्रूझवरची औपचारिक संध्याकाळ : डिनर जॅकेट आणि हाताने बांधलेला बो टाय

सागरवाट (धागाकर्ता)

सागरी क्रूझला निघताना पुरुषांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो बहुधा बॅग भरताना घाईघाईत विचारला जातो : औपचारिक संध्याकाळसाठी डिनर जॅकेट (संध्याकाळच्या जेवणाचा आखूड काळा कोट) आणि बो टाय न्यायलाच हवा का, की गडद रंगाचा सूट पुरेल? नियमापुरते उत्तर सोपे आहे. ज्या कंपन्यांनी ही प्रथा ठेवली आहे त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना गडद सूट आणि साधा लांब टाय चालतो, आणि बऱ्याच कंपन्यांनी प्रथाच सोडून दिली आहे. हा धागा मी त्यापुढच्या प्रश्नासाठी काढत आहे. जिथे प्रथा टिकून आहे तिथे ती मनापासून का पाळावी, आणि पाळायची तर नेमके काय घालावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

माझे मत आधीच मांडतो. जहाजावरची औपचारिक संध्याकाळ ही कोणा एकट्याच्या मिरवण्याची गोष्ट नाही. ती दालनात जमलेल्या सगळ्यांनी मिळून उभी केलेली असते, आणि तिथे येणारा प्रत्येक पुरुष तिच्यात थोडी भर तरी घालतो किंवा तिच्यातले थोडे काढून तरी घेतो.

या पोशाखाचा जन्म थाटमाटातून झालेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८६५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राने, लंडनमधील सॅव्हिल रो येथील हेन्री पूल या शिंप्यांकडून सँड्रिंगहॅम या आपल्या वाड्यावरच्या घरगुती जेवणांसाठी एक आखूड कोट शिवून घेतला. त्या काळी संध्याकाळचा खरा औपचारिक पोशाख म्हणजे मागे दोन लांब पट्टे सोडलेला टेलकोट, पांढरा वेस्टकोट आणि पांढरा बो टाय. आखूड कोट ही त्यातून काढलेली सुटका होती. न्यूयॉर्क राज्यातील टक्सीडो पार्कच्या क्लबात १८८६ नंतर तो रुळला आणि अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे आज आपण ज्याला अति औपचारिक समजतो तो एकेकाळी सैलावलेल्या संध्याकाळचा पोशाख होता.

अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर पहिल्या वर्गातले प्रवासी रात्रीच्या जेवणाला असेच तयार होऊन येत, आणि जहाजांची रचनाही ते लक्षात घेऊनच केलेली असे. १९३५ साली पहिल्या सफरीला निघालेल्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच जहाजाचे पहिल्या वर्गाचे भोजनगृह ३०५ फूट लांब होते. त्याला बाहेरचा उजेड नव्हता. सारा प्रकाश लालिक या फ्रेंच काच-कलाकाराच्या काचेच्या स्तंभांमधून आणि झुंबरांमधून येई, आणि आत येणारा माणूस उंच दरवाजातून पायऱ्या उतरून सगळ्यांच्या नजरेसमोर खाली येत असे. अशा जागी काळा कोट आणि पांढरा सदरा शोभत असे, कारण जागा त्यांच्यासाठीच घडवलेली होती.

याच जहाजांवर एक समंजस अपवादही होता. पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी औपचारिक पोशाख करत नसे, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधून ठेवलेल्या असत. आजही बहुतेक जहाजांवर पहिली आणि शेवटची रात्र साधीच असते. प्रवाशाची सोय पाहूनच ही प्रथा आखली गेली होती, तिच्यात त्याला छळण्याचा हेतू नव्हता, हे यावरून मला नेहमी जाणवते.

आता हा वारसा ठळकपणे उरला आहे तो क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर. २००४ साली सेवेत आलेल्या 'क्वीन मेरी २' वर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही सफर साधारणपणे सात रात्रींची असते, आणि तीत सहसा दोन 'गाला', म्हणजे औपचारिक, संध्याकाळी येतात. डिनर जॅकेट किंवा गडद सूट, आणि त्यासोबत बो टाय किंवा लांब टाय, एवढीच पुरुषांकडून अपेक्षा असते. सात रात्रींतल्या दोन संध्याकाळी हे मागणे मला जास्त वाटत नाही.

एकच बॅग

विषय मनापासून मांडला आहे, तरीही माझा विरोध नोंदवतो. जहाजावर औपचारिक पोशाख टिकला तो सामान मोजले जात नव्हते तोवर. घरापासून बंदरापर्यंत आगगाडी, बंदरावर हमाल, आणि जहाजाच्या पोटात हव्या तेवढ्या मोठ्या पेट्या, अशी व्यवस्था असताना दोन जास्तीचे कोट कोणालाच जड नव्हते. आज बहुसंख्य प्रवासी विमानाने बंदर गाठतात, आणि विमानात प्रत्येक किलोचा हिशेब होतो. दोन संध्याकाळींसाठी काळे बूट, जॅकेट, वेगळी विजार आणि वेगळा सदरा नेणे म्हणजे अर्धी बॅग त्यातच संपली.

दुसरे असे की कंपन्यांनी हे ओळखून वाट बदलली आणि त्यांचे काहीही बिघडले नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली, त्यात जेवणाची ठरलेली वेळही गेली आणि पोशाखाची सक्तीही गेली. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीने २०१५ च्या अखेरीस औपचारिक रात्रींऐवजी 'इव्हनिंग शिक' हा सैल नियम आणला. ओशनिया, अझमारा आणि व्हायकिंगची सागरी जहाजे औपचारिक रात्रींशिवायच चालतात, आणि यांतली कोणतीही कंपनी हलक्या दर्जाची समजली जात नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसने तर पोशाखाचा नियमच ठेवलेला नाही.

धागाकर्त्यांनी नॉर्मंडीच्या पायऱ्यांचे वर्णन केले आहे, परंतु त्या पायऱ्या फक्त पहिल्या वर्गासाठी होत्या हेही तिथेच आले आहे. तिसऱ्या वर्गात बसलेल्या माणसाला त्या भोजनगृहात पाऊलही ठेवता येत नव्हते. ज्या पोशाखाने शंभर वर्षे माणसे वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवली, तोच पोशाख सर्वांना एकत्र आणतो हे मला सहजासहजी पटत नाही.

सागरवाट

वर्गांचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. परंतु त्या काळी माणसे वेगळी ठेवली ती तिकिटाने. आज क्वीन मेरी २ च्या मुख्य 'ब्रिटानिया' भोजनगृहात जो बसतो त्याने महागडे तिकीट काढलेले असण्याची गरज नाही, आणि गाला संध्याकाळी त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा व्यवसाय, हुद्दा किंवा मिळकत त्याच्या काळ्या जॅकेटवरून ओळखता येत नाही. रोजच्या कपड्यांवरून मात्र ती बरीचशी ओळखता येते. पुरुषांचा हा पोशाख सगळ्यांचा जवळजवळ सारखाच असतो, आणि तेच त्याचे बळ आहे.

शिवाय निवड प्रवाशाच्या हातात आहे. तुम्ही सांगितलेल्या कंपन्या आहेतच, आणि ज्यांना सैल कपड्यांतच सुटी घालवायची आहे त्यांनी त्या आनंदाने निवडाव्यात. क्युनार्डच्या जहाजावरही गाला संध्याकाळी ज्यांना तयार व्हायचे नाही त्यांच्यासाठी किंग्ज कोर्टचा बुफे आणि गोल्डन लायन पब मोकळे असतात. माझा आग्रह एवढाच आहे की मुख्य भोजनगृहात आणि नृत्याच्या दालनात यायचे असेल, तर त्या दालनाचा मान राखून यावे. तिकीट काढण्यापूर्वी जे लिहून दिलेले होते, ते जहाजावर चढल्यावर अन्यायकारक ठरवणे मला योग्य वाटत नाही.

पण चर्चा केवळ 'हवे की नको' यावर अडकू नये. नेमके काय घालावे यावरही कोणीतरी लिहावे.

शिवणटिप

शिवणकाम हा माझा व्यवसाय असल्यामुळे या भागावर लिहितो. डिनर जॅकेट म्हणजे काळा सूट नव्हे, आणि दोघांतला फरक लांबूनही दिसतो. जॅकेटच्या लॅपलवर, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कॉलरच्या पट्टीवर, रेशमी कापड असते, ते चकचकीत सॅटिन तरी असते किंवा बारीक आडव्या रेघांचे, कमी चमकणारे ग्रोग्रेन तरी. लॅपलचे दोन आकार खरे मानले जातात : टोक खांद्याकडे वर गेलेला 'पीक', जो टेलकोटातून आला, आणि कोठेही खाच नसलेला गोलाईदार 'शॉल', जो धूम्रपानाच्या घरगुती कोटातून आला. साध्या सूटसारखी खाच असलेला लॅपल तयार कपड्यांत भरपूर मिळतो, परंतु तो ऑफिसच्या कोटाचा आकार आहे आणि संध्याकाळच्या जॅकेटाला तो कमीपणा आणतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकेरी जॅकेटला, म्हणजे पुढे बटणांची एकच ओळ असते त्याला, एकच बटण असावे. विजारीच्या बाहेरच्या शिवणीवर लॅपलच्याच रेशमाची एक पट्टी असते. टेलकोटाच्या विजारीला दोन पट्ट्या असतात. विजारीला कमरपट्ट्यासाठी लुप्या नसतात, ती गॅलिसने (खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांनी) धरली जाते, आणि पायाशी उलटी घडी नसते. कमरेवर एकतर खोल गळ्याचा वेस्टकोट किंवा कमरबंद (कमरेभोवती बांधायचा रुंद चुणीदार पट्टा) असावा, दोन्ही कधीच नाहीत. कमरबंदाच्या चुण्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवायची असतात. या आवरणाचे काम अगदी साधे आहे : जॅकेटच्या बटणाखाली सदऱ्याचा पांढरा त्रिकोण डोकावू नये. दुहेरी जॅकेट, म्हणजे पुढचे दोन भाग एकमेकांवर येऊन बटणांच्या दोन ओळी असलेले, सदैव बंद असते, त्यामुळे त्याखाली यांपैकी कशाचीच गरज नाही, आणि बॅगेत जागा कमी असेल तर हा विचार करण्यासारखा आहे.

सदरा पांढराच. छातीवर चुण्या किंवा 'मार्सेला' नावाच्या जाडसर, ठिपकेदार विणीच्या कापडाची पट्टी, कफ दुहेरी आणि कफलिंकचे, आणि पुढच्या बटणांच्या जागी काळे किंवा शिंपल्याचे स्टड (काढता-घालता येणारी बटणे). बूट काळे, बांधायचे, पेटंट लेदरचे (मुळातच चकचकीत कातड्याचे) किंवा आरशासारखे पॉलिश केलेले. मोजे काळे आणि गुडघ्यापर्यंत लांब, म्हणजे पायावर पाय टाकून बसल्यावर मध्येच कातडी दिसत नाही. छातीच्या खिशात साधा पांढरा रुमाल. याहून अधिक काही नको.

रंगाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण धागाकर्त्यांनी दिव्यांच्या उजेडाचा उल्लेख केला आहे. काळे लोकरी कापड कृत्रिम प्रकाशात किंचित हिरवट किंवा विटके दिसू शकते, आणि मध्यरात्रीचा गडद निळा रंग त्याच प्रकाशात काळ्याहून काळा दिसतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ विंडसरने, हा रंग लोकप्रिय केला. ज्यांना नवीनच शिवून घ्यायचे आहे त्यांनी या रंगाचा नमुना दिव्याखाली नेऊन पाहावा, दुकानाच्या दारातल्या उन्हात नव्हे.

आता राहिला गडद सूट. तो पूर्णपणे मान्य आहे आणि नीट बसणारा गडद सूट हा मापात न बसणाऱ्या भाड्याच्या टक्सीडोपेक्षा कितीतरी चांगला. मात्र सूट घालायचा तर त्यावर लांब टाय बांधावा. खाचेच्या लॅपलवर काळा बो टाय लावला की पाहणाऱ्याला अर्धा पोशाख दिसतो.

नवखा प्रवासी

शिवणटिप, आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. मी प्रथमच लांबच्या सफरीला जाणार आहे आणि माझ्या दोन शंका आहेत. पांढरे डिनर जॅकेट केव्हा घालावे, आणि उष्ण प्रदेशातील समुद्रावर इतका जामानिमा सहन होतो का? दुसरी शंका बो टायची. तयार बांधलेला घेतला तर काही बिघडते का? हाताने बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत, परंतु आरशात पाहिले की डावे-उजवे उलटे होऊन गोंधळ उडतो.

डेकवरून

पहिल्या शंकेवर मी लिहितो, माझी बरीच वर्षे जहाजांवर गेली आहेत. पांढरे जॅकेट हे उष्ण हवेसाठीच आहे. ते शुभ्र पांढरे नसते, हस्तिदंती असते, कारण सदऱ्याच्या शुभ्रतेशेजारी ते वेगळे दिसायला हवे. त्याच्या लॅपलवर रेशीम नसते, जॅकेटचेच कापड असते. विजार, कमरबंद, बूट आणि बो टाय नेहमीप्रमाणे काळे. कॅरिबियन समुद्रात किंवा उन्हाळ्यातल्या भूमध्य समुद्रात ते अतिशय शोभते. उत्तर अटलांटिकवर, बाहेर डेकवर गार वारा सुटलेला असताना, ते जागा चुकल्यासारखे दिसते. तिथे काळे किंवा गडद निळेच न्यावे.

उष्णतेची अडचण नवी नाही. वातानुकूलन नसलेल्या काळात लाल समुद्रातून जाताना जॅकेट अंगावर ठेवणे अशक्य होई, आणि त्यातून 'रेड सी रिग' नावाची पद्धत रूढ झाली : जॅकेट नाही, टाय नाही, उघड्या गळ्याचा पांढरा सदरा, काळी विजार आणि कमरबंद. नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांच्या अधिकाऱ्यांमध्ये ती अजूनही माहीत आहे. प्रवाशांनी मात्र ती आपल्या मनाने उचलू नये, कारण आजची भोजनगृहे इतकी थंड ठेवलेली असतात की जॅकेट अंगावर असल्याचे समाधानच वाटते. हलक्या वजनाची लोकर घेतली तर उकाड्याची तक्रार उरत नाही.

औपचारिक संध्याकाळ कोणत्या दिवशी येते याचाही विचार आधी करून ठेवावा. ती बहुतेक वेळा समुद्रावरच्या पूर्ण दिवसाला असते, बंदराच्या दिवशी नसते, कारण दिवसभर किनाऱ्यावर हिंडून उशिरा परतलेल्या माणसाकडून तासाभरात तयार होण्याची अपेक्षा कोणी करत नाही. त्याच संध्याकाळी कप्तानाचे स्वागत असते, अधिकारी आपल्या आखूड मेस जॅकेटमध्ये (गणवेशाच्या संध्याकाळच्या कोटात) येतात, छायाचित्रकार जिन्याशी उभे असतात. अधिकाऱ्यांच्या दृष्टीनेही ती संध्याकाळ महत्त्वाची असते. आम्ही गणवेश इस्त्री करून, पदके लावून उभे राहायचो तेव्हा समोरून प्रवासीही तितक्याच काळजीने तयार होऊन येताना पाहिले की आमच्या तयारीचे चीज झाल्यासारखे वाटे. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही, खरोखर तसे वाटत असे.

डिनर जॅकेट हा एकमेव मार्ग नाही, हेही नमूद करतो. स्कॉटिश प्रवासी प्रिन्स चार्ली नावाचे आखूड जॅकेट आणि किल्ट (चुणीदार लोकरी घागरा) घालून येतात, सेवेतील लोक लष्करी मेस पोशाखात येतात, आणि आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख करून येणाऱ्यांचे आदराने स्वागत होते.

निळाई

बो टायबद्दल मला लिहू द्यावे. आमच्या घरी तो बांधण्याचे काम माझ्याकडेच आहे, आणि यजमानांना शिकवतानाच मला तो नीट समजला.

तयार बांधलेल्या टायने आकाश कोसळत नाही, कोणीही तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही. तरीही फरक दिसतो. तयार टाय दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा, पुठ्ठ्यासारखा ताठ आणि सपाट असतो. हाताने बांधलेल्याची एक बाजू किंचित तिरकी असते, मधली गाठ भरीव असते, आणि चेहरा वळला की तोही थोडा हलतो. शिवाय रात्र सरल्यावर, नृत्य आटोपल्यावर, तो सोडून गळ्यात मोकळा ठेवता येतो, ते सुख क्लिपच्या टायला नाही.

कृती अशी. कॉलर उभी करून टाय गळ्यात घ्यावा आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर खाली ठेवावे. लांब टोक आखूड टोकावरून नेऊन गळ्याशी खालून वर काढावे आणि ही अर्धी गाठ घट्ट करावी. ही सैल राहिली तर पुढे काहीच जमत नाही. आता आखूड टोकाची आडवी घडी घालून तिचा बो करावा आणि तो गळ्यासमोर आडवा धरावा. लांब टोक त्या बोच्या बरोबर मधून वरून खाली सोडावे. यानंतरची पायरीच सगळ्यांना अडवते : लांब टोकाचीही तशीच घडी घालून ती घडी, टोक नव्हे, बोच्या मागे तयार झालेल्या फटीतून दुसऱ्या बाजूला ढकलावी. ती फट डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी शोधावी लागते. मग दोन्ही बाजूंच्या घड्या धरून ओढावे. मोकळी टोके ओढली तर गाठ सुटते, घड्या ओढल्या तर ती आवळते.

ही बुटाच्या नाडीचीच गाठ आहे. म्हणून नवखा प्रवासी यांना माझे सांगणे आहे की आरसा काही दिवस बाजूला ठेवावा. खुर्चीवर बसून टाय मांडीभोवती, गुडघ्याच्या जरा वर बांधावा. तिथे हात, गाठ आणि नजर नाडी बांधताना असतात तशीच असतात, आणि डावे-उजवे उलटे होत नाही. बोटांना सवय लागली की गळ्याशी बांधावा, आणि तेव्हाही डोळे मिटून बांधला तर अधिक चांगला जमतो.

घेताना मानेच्या मापाचा किंवा मागे माप बदलता येणारा घ्यावा. आकार दोन प्रकारचे प्रचलित आहेत, मध्ये निमुळता आणि टोकांना रुंद असलेला, फुलपाखरासारखा, आणि सरळ अरुंद 'बॅटविंग'. बांधल्यावर त्याची रुंदी चेहऱ्याच्या कडेबाहेर जाऊ नये आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपेक्षा कमी असू नये. लॅपल सॅटिनचा असेल तर टायही सॅटिनचा, लॅपल ग्रोग्रेनचा असेल तर टाय बराथिया नावाच्या कमी चमकणाऱ्या रेशमी विणीचा. रंग काळा. रंगीत आणि नक्षीदार टाय आपल्या जागी सुंदर असतात, परंतु ज्या दालनात सगळ्यांचे टाय काळे आहेत तिथे एक लाल टाय माणसापेक्षा आधी दिसतो.

एकच बॅग यांच्या विरोधाबद्दल एक शब्द. स्त्रिया या संध्याकाळसाठी किती विचार करून कपडे आणि दागिने निवडतात, केस बांधतात, बूट सांभाळतात, हे त्यांनी लक्षात घ्यावे. शेजारी बसणारा पुरुष दुपारच्याच सदऱ्यात येऊन बसला तर त्या तयारीला सोबत मिळत नाही. पुरुषाला तर ठरलेला एकच पोशाख आहे, त्यात निवडीचे कष्टही नाहीत.

एकच बॅग

निळाईताई, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. सक्तीबद्दलचे माझे मत कायम आहे, परंतु एकदा जायचे ठरवले तर नीट जावे हे मान्य करतो. म्हणूनच शिवणटिप यांना सरळ विचारतो : विमानातून एकाच बॅगेत हे सर्व चुरगळू न देता कसे न्यावे? केबिनमध्ये इस्त्री करता येत नाही असे ऐकले आहे.

शिवणटिप

बरोबर ऐकले आहे. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये इस्त्री आणि कपड्यांचे स्टीमर आणायला जवळजवळ सर्व जहाजांवर मनाई असते, आणि सामान तपासताना ते काढून घेतले जातात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते, तिथे इस्त्री असते; नसेल तर पैसे भरून जहाजाच्या धोबीखात्याकडे द्यावे लागते, आणि औपचारिक संध्याकाळच्या आदल्या दिवशी तिथे गर्दी असते.

म्हणून कापडापासूनच सुरुवात करावी. शुद्ध लोकर लटकवून ठेवली की बरीचशी स्वतःहून पूर्ववत होते. जॅकेटचा एक खांदा उलटा करून दुसरा खांदा त्यात बसवावा, म्हणजे अस्तर बाहेर आणि कापड आत राहते. मग लांबीत एक घडी घालून ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि बॅगेत सर्वांत वर, सर्वांत शेवटी ठेवावे. घडीच्या आत विजार ठेवली तर मोड तीक्ष्ण होत नाही. बूट तळाशी, आणि बुटांच्या पोकळीत मोजे.

स्टड, कफलिंक आणि बो टाय एका लहान डबीत घालून हातातल्या पिशवीत ठेवावेत. मोठी बॅग बंदरावरच ताब्यात घेतली जाते आणि केबिनच्या दारात यायला तिला काही तास लागतात. ती आली की बाकीचे सामान नंतर लावावे, पण जॅकेट आणि विजार त्याच क्षणी हँगरवर अडकवावी. तरीही सुरकुत्या राहिल्या तर न्हाणीघरात कपडे अडकवून गरम पाण्याचा शॉवर काही मिनिटे चालू ठेवावा आणि दार बंद करावे; वाफेने लोकर सैल पडते. कपडे ओले मात्र होऊ देऊ नयेत, आणि लॅपलच्या रेशमावर थेंब पडू देऊ नयेत, कारण त्याचा डाग राहतो.

एवढे करूनही न्यायचे नसेल तर दुहेरी जॅकेटचा वर सांगितलेला पर्याय आहे, त्यात कमरबंद आणि वेस्टकोट दोन्ही वाचतात. काही कंपन्या डिनर जॅकेट भाड्यानेही देतात, परंतु माप आगाऊ कळवावे लागते. तसे करणार असाल तर छाती, कंबर आणि बाहीबरोबर खांद्याचे मापही एखाद्या शिंप्याकडून घेऊन ठेवा. बाही आणि विजार ऐनवेळी थोडीफार सावरता येते, खांदा सावरता येत नाही.